उसावरचा मावा आणि गायरानातले गवत

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका गावी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गास जाण्याचा योग आला. विषय ग्रामीण अर्थव्यवस्थेचा होता. बोलण्याच्या ओघात मी गाजरगवताचा उल्लेख केला, तेव्हा मागे बसलेल्या एका तरुण मित्राने हसत विचारले, "सर, आता गवतावरही मोर्चा काढायचा का?" सारे हसले, मीही हसलो. वर्ग संपल्यावर चहा घेऊन आलेल्या एका बाईंनी मात्र आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी काळवंडून जाड झाली होती, मधूनमधून चिरली होती. त्या भांगलणीला जाणाऱ्या. "हात झाकलं तर काम उरकत न्हाई, न्हाई झाकलं तर रातभर आग हुतीया," एवढेच त्या म्हणाल्या. त्या तरुण मित्राला मी त्या दिवशी नीट उत्तर दिले नव्हते. ते आज देतो आहे.

बाहेरून आलेल्या वनस्पती आणि किडी हा प्रश्न आपल्याकडे वनस्पतिशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो आणि तेथेच संपतो. माझ्या मते तो मुळात अर्थकारणाचा, म्हणून राजकारणाचाही प्रश्न आहे. नुकसान कोणाचे होते, ते कोणाच्या हिशेबात येते, आणि निवारणासाठी कोण संघटित आहे, या तीन गोष्टींवर कोणते संकट हटवले जाईल आणि कोणते पिढ्यानुपिढ्या राहील, हे ठरते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनीच याचा पुरावा दिलेला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. परकेपणा हा काही दोष नव्हे. मिरची, मका, भुईमूग, बटाटा ही सारी अमेरिका खंडातून आलेली पिके. त्यांच्यावाचून आपली न्याहारी होत नाही. आपल्याकडे आल्यावर ज्यांना नैसर्गिक शत्रू उरत नाही आणि जी इतर सर्वांना हुसकून जागा बळकावतात, अशा मोजक्याच वनस्पतींचा व जीवांचा हा प्रश्न आहे. डोंगरउतारावरची घाणेरी, कोयना-चांदोलीच्या बाजूची रानमोडी, माण-खटाव-जतच्या पडीक रानातली वेडी बाभूळ, कृष्णेच्या संथ पाण्यावरचे केंदाळ ही त्यांतली ठळक नावे. पण घराघराशी येऊन भिडलेले गवत एकच, गाजरगवत. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात. त्या नावावर आपल्या सभांतून पुष्कळ विनोद झाले, गवत मात्र वाढतच राहिले.

दुसराही एक समज आपल्याच वर्तुळात फार प्रिय आहे: हे गवत पी. एल. ४८० च्या अमेरिकी गव्हाबरोबर आले. मीही अनेक वर्षे व्याख्यानांतून ते सांगत असे. पण तारखा पाहिल्या तर गोष्ट इतकी सरळ नाही. पुण्यात या झाडाची नोंद झाली ती १९५५ साली, पी. एल. ४८० खालचा भारताचा करार १९५६ च्या ऑगस्टमधला. अमेरिकी गहू त्याआधीही, १९५१ च्या धान्यकर्जापासून, येत होता, हे खरे. परंतु बी कोणत्या जहाजातून आले हे ठरवून आपले कर्तव्य संपत नाही. आलेले बी इतकी दशके कोणी राहू दिले, हा आपला प्रश्न आहे. साम्राज्यशाहीला दोष दिला की गावच्या गायरानाची जबाबदारी टळते, असे मानणे सोयीचे असेल, प्रामाणिकपणाचे नाही.

आता २००२ साल आठवा. त्या वर्षी जुलैच्या सुमारास सांगली जिल्ह्यातील उसावर पांढरा लोकरी मावा दिसला. देशाच्या पूर्व व ईशान्य भागात पूर्वीपासून माहीत असलेली ही कीड दक्षिणेला नवीन होती. पानाच्या खालच्या बाजूस कापूस चिकटावा तशी तिची वसाहत, ती रस शोषणार, तिच्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी चढणार, वजन आणि उतारा दोन्ही घटणार. पाहता पाहता तिने पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक व्यापले. डोक्याच्या वर गेलेल्या उसात औषध मारणे जवळजवळ अशक्य, आणि मारले तरी शेजारच्या फडातून कीड परत येणार. एकट्यादुकट्या शेतकऱ्याने करावे असे त्यात काहीच नव्हते.

तरीही दोन-तीन हंगामांत हे संकट ओसरले. कसे? मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठे आणि बंगळूरचे जैविक कीडनियंत्रणाचे संशोधक कामाला लागले. माव्यावर जगणारी डिफाची अळी, मायक्रोमस हा परभक्षी कीटक आणि आसामातून आणलेली एन्कार्शिया ही सूक्ष्म परोपजीवी माशी हे मित्रकीटक वाढवण्यात आले. साखर कारखान्यांनी आपल्या ऊसविकास विभागांची माणसे गावोगाव पाठवली. मित्रकीटक असलेली पाने एका फडातून काढून दुसऱ्या फडात अडकवण्यात आली. सर्रास फवारणी करू नका, आपलेच मित्र मारले जातील, हेही शेतकऱ्यांना पटवून देण्यात आले. विज्ञान, संघटन आणि पैसा एकत्र आले की काय घडते, याचे हे उत्तम उदाहरण होय. त्याचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे.

पण त्याच फडाच्या बांधावर उभे असलेले गाजरगवत कोणी पाहिले नाही. माव्याने उतारा घटला, तो कारखान्याच्या ताळेबंदात दिसला. गाजरगवताने जे घटते ते कोणत्याही ताळेबंदात येत नाही. त्याच्या स्पर्शाने भांगलणाऱ्या बाईला त्वचारोग जडतो, आणि एकदा जडला की वर्षानुवर्षे सोडत नाही. त्याच्या परागकणांनी दम्याचा विकार बळावतो. जनावरांच्या पोटात ते गेले तर दुधाला कडवट वास येतो. आटपाडी-जतच्या मेंढपाळाचे तर चरणच नाहीसे होते. ज्या गायरानात पवन्या, मारवेल, कुसळी उगवे तेथे आता मेंढरू तोंड लावत नाही असे हिरवेगार रान दिसते. या माणसांकडे ना कारखाना, ना ऊसविकास विभाग, ना संशोधन संस्थेवर वजन. अर्थशास्त्रात आम्ही याला 'बाह्य खर्च' म्हणतो; म्हणजे ज्याचा तोटा होतो त्याच्याकडे हिशेबाची वहीच नसते.

सरकारी पातळीवर काहीच होत नाही असे नाही. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. हेतू चांगला आहे. पण हे झाड उगवल्यापासून सुमारे महिना-दीड महिन्यात फुलावर येते, आणि एकेक झाड १०,००० हून अधिक बी टाकू शकते. आपल्याकडे जूनच्या पावसावर उगवलेले गवत सप्ताहापर्यंत फुललेले असते. शाळेची मुले ते उघड्या हातांनी उपटतात, छायाचित्र निघते, आणि उपटलेले ढीग उकिरड्यात जातात. पुढच्या वर्षी शेणखताबरोबर तेच बी शेतात येते.

कोणी म्हणेल, माव्याप्रमाणे यावरही कीटक सोडा म्हणजे झाले. तोही प्रयोग झालेला आहे. १९८३ साली मेक्सिकोतून झायगोग्रामा हा भुंगा बंगळूरला आणण्यात आला आणि पुढे देशभर पसरवण्यात आला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो. पण कोरड्या दिवसांत मातीत जाऊन निजतो, आणि कालव्याच्या ओलीवर गवत वर्षभर उगवतच राहते. फड्या निवडुंगाचा इतिहास वेगळा होता. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या एका किडीने दक्षिण भारतातील त्याची बेटेच्या बेटे संपवली. तेथे किडीनेच बहुतेक काम केले. गाजरगवताच्या बाबतीत भुंग्याच्या जोडीला माणसाचे हात लागणार, आणि हातांना मजुरी लागणार.

येथे आपल्याच जिल्ह्याची एक देणगी आठवते. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यातच त्या कल्पनेची पहिली परीक्षा झाली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे देशाने ती कल्पना उचलली. कायद्यांची नावे बदलली, तत्त्व तेच राहिले: मागेल त्याला काम, आणि त्या कामातून गावाची टिकाऊ मत्ता. नुसते तण काढणे ही मत्ता नव्हे, असा आक्षेप अधिकारी घेतील, आणि तो बरोबर आहे. म्हणून मागणी तण काढण्याची न करता गायरानाचे कुरण पुन्हा उभे करण्याची केली पाहिजे. गवत काढलेल्या जागी पहिल्या पावसाआधी टाकळ्याचे बी फेकावे, कारण दाट उगवलेला टाकळा गाजरगवताला डोके वर काढू देत नाही. त्याच्या पाठोपाठ मारवेल आणि पवन्या लावावे, आणि ते रुजेपर्यंत चराईचे नियम ग्रामसभेने ठरवावेत.

कार्यकर्त्यांनी आपल्या गावापुरते चार आग्रह धरावेत. पहिला, काम फुलोऱ्यापूर्वी व्हावे: एक फेरी जूनअखेर ते जुलैत, दुसरी परतीच्या पावसानंतर. दुसरा, ते मजुरीचे काम मानले जावे. हातमोजे आणि तोंडावर बांधायला फडके ही त्या मजुरीची अट असावी, उपकार नव्हे. श्रमदानाच्या नावाखाली पुन्हा त्याच बायांना फुकट राबवू नये. तिसरा, पाटबंधारे खात्याने कालव्यांचे भराव आणि कारखान्यांनी आपले आवार व रस्ते स्वतःच्या खर्चाने स्वच्छ ठेवावेत; कारण बी पाण्याबरोबर आणि गाड्यांबरोबर गावोगाव जाते. चौथा, फुलोऱ्यात आलेले झाड कधीही उकिरड्यात जाऊ नये.

केंदाळाचाही विचार याच रीतीने करावा लागेल. नदीकाठच्या नगरांचे सांडपाणी जोवर कृष्णेत मिसळते आहे, तोवर त्या पाण्यावर केंदाळ पोसले जाणार, आणि उन्हाळ्यात ते यंत्राने काढण्याचा ठेका दरसाल निघणार. ठेकेदाराला दरसाल काम मिळते. मासेमाराचे जाळे मात्र रिकामेच राहते.

माव्याच्या वेळी जे शक्य झाले ते गवताच्या बाबतीत अशक्य का ठरावे? ज्ञान तेव्हाही होते, आजही आहे. कमी आहे ती संघटना, आणि ती उभी करणे हे तर आपले नित्याचे काम. तेव्हा माझ्या तरुण मित्राला माझे उत्तर असे: होय, गवतावरही मोर्चा काढावा. मात्र तो ऑगस्टमध्ये काढू नये, जूनमध्ये काढावा. आणि त्याच्या अग्रभागी, हातमोज्यांची मागणी घेऊन, भांगलणाऱ्या बाया असाव्यात.