ओरॅकलवर कोट्यवधी पाउंड खर्चूनही बर्मिंगहॅमच्या पालिकेला हिशोब का लागेना?

५ सप्टेंबर २०२३ रोजी ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलने 'सेक्शन ११४'ची नोटीस काढली. कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवा सोडून नवीन खर्च बंद, असा तिचा अर्थ. ११ लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहराचा कारभार पाहणाऱ्या या पालिकेवर ही वेळ येण्यामागे समान वेतनाच्या दाव्यांचं ओझं हे मोठं कारण होतं. तेव्हा त्याचा अंदाज ६५ ते ७६ कोटी पाउंड सांगितला गेला.

पण त्याच काळात आणखी एक संकट सुरू होतं. कोणत्या विभागाने किती खर्च केला, बजेटमधले किती पैसे उरले, याचा भरवशाचा रिपोर्टच पालिकेला मिळत नव्हता.

नेमकं काय झालं होतं?

१९९९ पासून पालिकेचा हिशोब सॅप या सॉफ्टवेअरवर चालायचा. एप्रिल २०२२ मध्ये त्या जागी ओरॅकलची नवी प्रणाली आली. सुरुवातीला खर्चाचा अंदाज सुमारे २ कोटी पाउंड होता. २०२३ मध्ये पालिकेनेच तो १० कोटींपर्यंत जाऊ शकतो, असं सांगितलं.

सॉफ्टवेअर आहे तसं वापरायचं आणि कामाची पद्धत त्यानुसार बदलायची, असं आधी ठरलं होतं. प्रत्यक्षात उलट झालं. जुन्या सवयींना साजेसं व्हावं म्हणून सॉफ्टवेअरमध्येच बदल केले गेले. त्यातला सर्वांत महागात पडलेला बदल होता बँक रिकन्सिलिएशनचा, म्हणजे बँकेत आलेली रक्कम आणि वहीतली नोंद जुळवण्याचा. तिथेच गडबड झाली. पैसे खात्यात यायचे, पण ते कशाचे हे सिस्टीमला नीट ओळखता येईना. मग कर्मचारी हाताने नोंदी दुरुस्त करत बसले.

मग रिपोर्ट का निघत नव्हते?

एखाद्या किराणा दुकानाचं उदाहरण घ्या. गल्ल्यावर बसलेला माणूस दिवसभर बिलं फाडतो. 'गेल्या तीन वर्षांत दिवाळीत कोणतं तेल जास्त खपलं?' हा प्रश्न त्यालाच गर्दीच्या वेळी विचारला, तर रांग खोळंबेल. ईआरपी सॉफ्टवेअर हा असा गल्ला आहे. त्याची रचना व्यवहार नोंदवण्यासाठी असते, विश्लेषणासाठी नाही.

त्यामुळे ईआरपीच्या आतच रिपोर्ट बनवताना तीन मर्यादा येतात.

पहिली, वेगाची. मोठा रिपोर्ट चालू व्यवहारांवरच चालवला, तर दोन्ही कामं मंदावतात.

दुसरी, साच्याची. कंपनीने जे रकाने आणि जोडण्या दिल्या आहेत, त्यातूनच प्रश्न विचारता येतो. वेगळं काही हवं असेल, तर कोड लिहावा लागतो आणि प्रत्येक अपडेटनंतर तो पुन्हा तपासावा लागतो.

तिसरी, माहितीची. जुन्या सिस्टीममधला सगळा इतिहास नव्या सिस्टीममध्ये येतोच असं नाही. मग यंदाची तुलना गेल्या वर्षाशी करायची कशी?

यावर उपाय आहे का?

अनेक मोठ्या संस्था ईआरपीमधली माहिती ठरावीक वेळाने वेगळ्या डेटा वेअरहाऊसमध्ये नेतात आणि रिपोर्ट तिथून काढतात. यामुळे वेग आणि साच्याचा प्रश्न बराच सुटतो, जुनी माहितीही तिथे जपून ठेवता येते. पण बर्मिंगहॅमचं मूळ दुखणं यानेही बरं झालं नसतं. नोंदच चुकीची असेल, तर वेअरहाऊसमध्येही तीच चूक जाते. डॅशबोर्डवर ती फक्त रंगीत दिसते.

म्हणूनच पालिकेने पुढे ओरॅकल नव्याने बसवण्याचा निर्णय घेतला, यावेळी कमीत कमी बदल करून.

दरम्यान शहरातल्या सेवांना कात्री लागली आणि २०२४ मध्ये कौन्सिल टॅक्स जवळपास १० टक्क्यांनी वाढला. ही वाढ एकट्या सॉफ्टवेअरमुळे झाली नाही. पण तिजोरीत नेमकं किती आहे हे माहीत नसताना कुठे काटकसर करायची, हे ठरवणं अवघड असतं. कोणत्याही सरकारी कार्यालयात नवा डॅशबोर्ड झळकला की एक प्रश्न विचारायला हवा: यातला आकडा मुळात कोणी, कुठे आणि कसा नोंदवला?