विश्लेषण : घरच्या घरी गाडी दोन इंच उंच केली, तर हाती नेमकं काय लागतं?

एक जॅक, पान्यांचा संच, ऑनलाइन मागवलेला 'बॉडी लिफ्ट किट' आणि रविवारची सुट्टी. एवढ्यावर पिकअप किंवा थार कशी उंच होते, हे दाखवणारे रील्स सध्या भरपूर दिसतात. अहिल्यानगर जिल्ह्यात त्यांना दोन प्रकारचे प्रेक्षक आहेत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यानं कांदा किंवा दूध बाहेर काढणारे पिकअपवाले, आणि भंडारदरा, रतनवाडी, घाटघरकडे फोर-बाय-फोर घेऊन जाणारे हौशी. दोघांचा प्रश्न एकच आहे: गाडी खाली घासू नये, चिखलात अडकू नये. बॉडी लिफ्टनं हा प्रश्न सुटतो का?

बॉडी लिफ्ट म्हणजे काय?

बोलेरो पिकअप, थार, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या गाड्यांची रचना दोन भागांची असते. खाली लोखंडी चॅसी आणि तिच्यावर रबरी माउंट व बोल्टांनी बसवलेली बॉडी. लिफ्ट किटमध्ये असतात ठोकळे, म्हणजे स्पेसर, आणि जास्त लांबीचे बोल्ट. जुने बोल्ट काढायचे, बॉडी उचलायची, मध्ये ठोकळे ठेवायचे आणि पुन्हा आवळायचं. क्रेटा, ब्रेझासारख्या गाड्यांत बॉडी आणि चॅसी वेगळी नसते. त्यामुळे तिथे हा प्रकार शक्यच नाही.

मग गाडी जमिनीपासून उंच होते का?

रीलमध्ये बहुतेक वेळा राहून जाणारी गोष्ट हीच आहे. बॉडी लिफ्टमध्ये फक्त बॉडी वर जाते. चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल आणि डिफरन्शियल आहे तिथेच राहतात. दगडाला घासतं ते डिफरन्शियल आणि चिखलात रुततो तो अॅक्सल. त्यांची जमिनीपासूनची उंची एका मिलिमीटरनंही वाढत नाही.

वाढते ती चाकावरच्या कमानीतली जागा, म्हणजे मोठे टायर बसवण्याची सोय. अॅक्सल उचलला जातो तो टायरमुळेच, आणि तोही निम्म्यानं: टायरचा व्यास 2 इंचांनी वाढला, तर अॅक्सल 1 इंच वर येतो. शिवाय मोठ्या टायरनं स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि ब्रेक व क्लचवरचा ताण वाढतो.

घरी करण्यात धोका कुठे आहे?

बोल्ट बदलणं हा कामाचा सोपा भाग. बॉडी आणि चॅसी यांना जोडणाऱ्या बाकीच्या गोष्टीही दोन इंच ताणल्या जातात: स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचे पाइप, डिझेल भरण्याची नळी, वायरिंग, अर्थिंगची पट्टी, गिअरचा दांडा. रेडिएटर बॉडीसोबत वर जातो आणि पंखा इंजिनसोबत खाली राहतो, त्यामुळे पंख्याभोवतीचं कव्हर जुळेनासं होतं. ताणलेला ब्रेक पाइप त्या दिवशी काही बोलत नाही. तो उताराला, भरल्या गाडीत दगा देऊ शकतो.

दुसरा मुद्दा तोलाचा. पिकअपमध्ये हौदाही उचलला, तर त्यातला मालही तितकाच वर जातो. कांद्याच्या गोण्या आधीच उंच रचलेल्या असतात. गुरुत्वमध्य वर सरकला की करंजी घाटासारख्या वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. आणि जॅकवर तोललेल्या बॉडीखाली हात घालून काम करणं हा तर थेट जिवाशी खेळ.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठानं केरळमधल्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. मान्यताप्राप्त सीएनजी किटसारखे काही बदल परवानगीनं करता येतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला, तर विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या आड येऊ शकतो.

उत्पादकाच्या मोजमापाला एवढं महत्त्व का?

याचं उत्तर जिल्ह्यातच आहे. अहिल्यानगरजवळ डीआरडीओची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजेच व्हीआरडीई, आहे. लष्करी वाहनांवर काम करणारी ही संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 मध्ये नाव असलेल्या चाचणी संस्थांपैकी एक आहे. पुण्याची एआरएआयही त्याच यादीत आहे. नवं मॉडेल रस्त्यावर येण्याआधी त्याचा नमुना अशा संस्थेकडे तपासला जातो. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे यांच्या चाचण्या ठरलेल्या मोजमापाच्या गाडीवर होतात. अंगणात दोन इंच उचललेल्या गाडीची अशी चाचणी कुणीच घेतलेली नसते. तिची पहिली चाचणी होते ती थेट रस्त्यावर, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या साक्षीनं.

मग उपाय काय?

हौशी चालकासाठी: कंपनीनं त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापाचे, चांगल्या नक्षीचे टायर आणि उत्पादकाच्याच अॅक्सेसरीज. कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी. जिल्ह्यात अहिल्यानगर (एमएच-16) आणि श्रीरामपूर (एमएच-17) अशी दोन कार्यालयं आहेत.

पिकअपवाल्या शेतकऱ्याची अडचण मात्र गाडीच्या उंचीची नाहीच, ती रस्त्याची आहे. शेतरस्त्यांसाठी राज्यात 2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आहे. आपल्या पाणंदीचं नाव तिच्या आराखड्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारता येतं. किटवर खर्च करण्याआधी ती चौकशी करावी, कारण चिखलात रुतलेला अॅक्सल बॉडी कितीही उचलली तरी वर येत नाही.