वाटेचा पाठभेद

फोनमधील नकाशाच्या भरवशावर निघालेली एखादी गाडी पाण्यात गेली, की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे हसायला आरंभ होतो. अक्कल गहाण टाकली होती काय, डोळे मिटून गाडी हाकत होते काय, असे प्रश्न थेट मृतालाच विचारले जातात. विचारणारे बहुधा त्याच नकाशाच्या आधाराने आदल्या दिवशी घरी पोहोचलेले असतात. साहित्याच्या अध्यापकांच्या एका बैठकीत हा विनोद आम्ही नुकताच ऐकला, आणि त्याला हसलोही. त्यामुळे पुढील मजकूर काही अंशी आमच्याच विरुद्ध आहे.

जानेवारी २०२१ मधील घटना अनेकांच्या स्मरणात असेल. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेले तिघे जण रात्रीच्या वेळी कोतूळहून अकोल्याच्या दिशेने जात होते. अकोले तालुका तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येतो. फोनने जवळची वाट दाखवली. त्या वाटेवरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. हा पूल वर्षातले काही महिने उघडा असतो आणि काही महिने पाण्यात जातो, ही गोष्ट त्या पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक होती. तेथे सूचनाफलक मात्र नव्हता, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते.

या घटनेत नकाशा खोटा नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. रस्ता होता, पूलही होता. नकाशातील रेषा ज्या बांधकामाकडे बोट दाखवत होती ते बांधकाम जागच्या जागी उभे होते. ती रेषा काही महिने खरी आणि काही महिने खोटी होती, एवढेच. आणि आपण कोणत्या महिन्यात बोलत आहोत, हे ती सांगत नव्हती. 'अ‍ॅप चुकले' हे विधान म्हणूनच आम्हांला अपुरे वाटते आणि 'माणूस चुकला' हे विधान निर्दय. दोन्हींमध्ये एक प्रश्न टाळला जातो: ही वाट आहे असे कोण म्हणाले, आणि कधी म्हणाले?

उपग्रहांचा येथे काही दोष नाही. आपण पृथ्वीच्या पाठीवर कोठे उभे आहोत हे फोन काही मीटरांच्या फरकाने सांगतो, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असते. पण 'तुम्ही येथे आहात' आणि 'येथून असे जा' ही दोन विधाने एकाच निळ्या रंगात, एकाच आवाजात, सारख्याच खात्रीने केली जातात. पहिले मोजमाप आहे. दुसरे अनुमान आहे. ते उपग्रहचित्रांतून, जुन्या नोंदींतून, वापरकर्त्यांनी कळवलेल्या दुरुस्त्यांतून आणि त्या रस्त्यावरून सरकणाऱ्या फोनांच्या वेगातून रचलेले असते. बर्लिनमधील कलावंत सायमन वेकर्ट याने २०२० मध्ये ९९ फोन एका हातगाडीत घातले आणि ती गाडी रिकाम्या रस्त्यांवरून ओढत नेली. गुगल मॅप्सवर ते रस्ते वाहतूककोंडीने लाल झाले. नकाशा रस्ता वाचत नाही, फोन वाचतो, हे इतक्या थोड्या खर्चात क्वचितच कोणी सिद्ध केले असेल. उलट बाजूचा विचार करा: ज्या रस्त्यावर एकही फोन नाही तो रस्ता मोकळा आहे की पाण्याखाली आहे, हे निव्वळ रिकामेपणावरून कसे ठरावे?

आता आमच्या भागाकडे येऊ. गेल्या वर्षी आम्ही तिघे, मराठीचे दोन अध्यापक आणि एक संशोधक विद्यार्थिनी, साताऱ्याहून सांगली जिल्ह्यातील एका पुनर्वसित गावी निघालो होतो. जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या एका वृद्ध बाईंची गाठ घ्यायची होती. कऱ्हाड ओलांडून, पेठ नाक्याला वळून, फोन सांगेल तसे आम्ही गेलो आणि सांगितलेल्या नावाच्या गावात सांगितलेल्या वेळी पोहोचलोही. नाव तेच, देवीचे देऊळ तेच, ग्रामपंचायतीच्या पाटीवरची अक्षरेही तीच. बाई मात्र तेथे नव्हत्या. वारणेवरील चांदोली धरणासाठी आणि नंतर अभयारण्यासाठी उठवलेल्या त्या गावाच्या वस्त्या दोन तालुक्यांत विभागल्या गेल्या होत्या, आणि दोन्हींनी आपले जुने नाव सोबत नेले होते. दुपार टळल्यावर आम्ही दुसऱ्या गावी पोहोचलो. उशिराचे कारण सांगितले तेव्हा बाई म्हणाल्या, "काय वो सर, आमचं गाव कुठलं म्हणायचं? वरलं, का हितलं, का तितलं?"

वरले म्हणजे जंगलात राहिलेले. तीन गावे आणि एक नाव. या प्रसंगात फोनला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने नावाबरहुकूम गाव दाखवले. दोष एवढाच, की या नावाला आणखी एक गाव उत्तर देते, ही शंका त्याने व्यक्त केली नाही. सातारा-सांगलीत ही अपवादात्मक स्थिती नव्हे. कोयना, वारणा, धोम, कण्हेर, उरमोडी अशा धरणांनी उठवलेली गावे मूळ नाव घेऊन दुसरीकडे वसली आहेत. त्यात खुर्द-बुद्रुक आहेत, गावोगावचे पाटील मळे आणि माळी वस्त्या आहेत. इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. जुन्या आणि नव्या नावाचा संसार काही वर्षे एकत्र चालेल. ज्या प्रदेशात नावच एवढे चंचल आहे तेथे एक नाव आणि एक ठिपका ही जोडी फार काळ टिकत नाही.

नद्यांचे तर बोलूच नये. कृष्णा-वारणेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांत बरगे घालतात, पावसाळ्याआधी काढतात. बांधले पाणी अडवण्यासाठी. पण जवळची वाट म्हणून माणसे त्यांवरून ये-जा करतात आणि पूर आला की ती वाट नाहीशी होते. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाटाचा रस्ता अतिवृष्टीत जागोजाग खचला. सांगलीत तर वर्षाकाठी नकाशाच बदलतो, आणि तो बदल मोजण्याचे साधन शहराजवळ १९२९ पासून आहे: आयर्विन पूल. तेथे पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पुलाचा आकडा कळला की जुना सांगलीकर खुर्चीवरून न उठता सांगतो, की आता सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी आले असेल, दत्तनगरला येऊ लागले असेल, काकानगरवाल्यांनी सामान वर चढवले असेल. प्रत्येक फुटागणिक कोणती गल्ली बंद होते, याचा एक मनातला नकाशा त्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. त्याला काळाचे परिमाण आहे. फोनमधील नकाशात रस्त्याची लांबी आहे, वाहनांचा वेग आहे, उपाहारगृहाला मिळालेले तारे आहेत. आयर्विनवरचा फूट नाही.

आमच्या विषयातील वाचकांना आता एका जुन्या ग्रंथकुलाची आठवण करून देतो. लीळाचरित्रासाठी म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, विचारून. एकाच लीळेविषयी दोघांच्या स्मरणात फरक पडला तर महानुभावांनी तो लपवला नाही. 'वासना' म्हणून, अमक्याचा पाठ म्हणून, सांगणाऱ्याच्या नावासह तो नोंदला. चक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने सांगणारी चौदाव्या शतकातील स्थानपोथी तर सरळच मार्गदर्शक ग्रंथ आहे: कोणते गाव, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे दार कोणीकडे, नदी कोणत्या बाजूस. सातारा जिल्ह्यातील फलटण हे महानुभावांचे मोठे क्षेत्र, तेव्हा ही परंपरा आमच्या अंगणातलीच आहे. आपण ती पदव्युत्तर वर्गात भाषेचा नमुना म्हणून शिकवतो, विभक्तिप्रत्यय मोजतो आणि पुढे जातो. ठिकाण सांगण्याची एक शिस्त म्हणून ती आपण क्वचितच वाचतो. विश्वासार्हता ही चुका नसण्यात नसते, तर मतभेद उघडा ठेवण्यात आणि सांगणाऱ्याचे नाव पुढे करण्यात असते, हे त्या मंडळींना सात शतकांपूर्वी कळले होते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशेही याच शिस्तीचे. सांगली शहर ज्या पत्रकात येते त्या ४७ एलच्या समासात सर्वेक्षणाचे वर्ष सापडते. पक्का रस्ता, कच्चा रस्ता, गाडीवाट, पायवाट यांच्या खुणा वेगळ्या असतात. जुने झालेले पत्रक आपण जुने आहोत हे स्वतःच सांगते. फोनमधील नकाशा सदैव ताजा दिसतो. त्याच्या कोणत्या रेषेची शेवटची खातरजमा कधी झाली हे वाटसरूला कळण्याची सोय नाही. वापराच्या अटींत मात्र, प्रत्यक्ष परिस्थिती वेगळी असू शकेल आणि जोखीम तुमची राहील, असा आशय नीट लिहून ठेवलेला असतो. अर्थात शंका आहे. पण ती वकिलांच्या भाषेत, वळणावर उपयोगी पडणार नाही अशा जागी ठेवली आहे. वळणावर बोलणारा आवाज निःशंक आहे. हा ढोंगीपणा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरकारला यातून सुटका नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तीन जण मरण पावले. पुराने पुलाचा पुढील भाग नेला होता, आणि त्याकडे जाणारा रस्ता पुरेसा अडवलेला नव्हता. पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांसह गुगल मॅप्सच्या एका अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवला. अभियंत्यांची नावे त्यात होती, त्या अधिकाऱ्याचे नव्हते. आम्ही त्या अनामिकाकडे बराच वेळ पाहत राहिलो. रस्ता बांधणाऱ्याला नाव आहे, रस्ता सांगणाऱ्याला नाही. तरीही दोन बाभळी आडव्या टाकून 'पूल बंद' एवढे लिहायला कोणत्याही उपग्रहाची गरज नव्हती, हेही खरेच.

येथवर आल्यावर काही स्नेही खूश होतील आणि म्हणतील, की तेच तर आम्ही सांगतो: फोन ठेवा, माणसाला विचारा, बनगरवाडीचा मास्तर पायीच गेला होता ना! या गोड स्मरणरंजनात आम्हांला सामील होता येत नाही. आमच्या खेड्यांत वाट विचारणे ही कधीच साधी क्रिया नव्हती. "पाव्हणं कुठलं? कुणाकडं जायाचं? कुणापैकी?" या तीन प्रश्नांतला तिसरा प्रश्न जातीचा असतो, आणि त्याच्या उत्तरावर पाण्याचा तांब्या पुढे येणार की वाट नुसती हाताने दाखवली जाणार हे ठरत असे. अनेक ठिकाणी अजून ठरते. आमच्यासोबतची विद्यार्थिनी म्हणाली, की संध्याकाळी अनोळखी फाट्यावर चार पुरुषांच्या घोळक्याला रस्ता विचारण्यापेक्षा मी चुकीच्या नकाशाबरोबर जाईन. तिला उत्तर देण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. कोणाला न विचारता जाता येणे, हे फोनने दिलेले स्वातंत्र्य आहे. ते ज्यांना जन्मतःच होते त्यांनी त्याची किंमत कमी लेखू नये.

दुसरे स्नेही सिद्धान्तवाले. नकाशा आणि प्रदेश यांत अंतर असतेच, हे कोर्झिब्स्कीचे सूत्र ते ऐकवतील, मग बोर्हेसची ती साम्राज्याएवढ्या नकाशाची कथा येईल, आणि चर्चासत्र चहाला उठेल. अंतर असतेच, हे कबूल. पण 'असतेच' या शब्दाने उत्तरदायित्व विरघळते. पिंपळगाव खांडच्या पाण्यात ते अंतर किती फुटांचे होते, हा प्रश्न सिद्धान्ताला पडत नाही.

आमची मागणी मोठी नाही. फोनमधील वाटेवर शेवटच्या खातरजमेची तारीख दिसावी. पावसाळ्यात बुडणारे पूल, साकव, बंधारे आणि खचणारे घाट यांची यादी जिल्हा प्रशासनाने दरवर्षी जूनपूर्वी खुली करावी आणि नकाशाकर्त्या कंपन्यांवर ती दाखवण्याची सक्ती असावी. एका नावाची तीन गावे असतील तर तिन्ही दाखवून प्रवाशाला विचारावे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहिती यांवरील निर्बंध मोठ्या प्रमाणात सैल केले. तेव्हा परवानगी नाही, ही सबब आता फारशी उरलेली नाही.

आणि आमच्या विभागापुरते: येत्या सत्रापासून पदव्युत्तर पहिल्या वर्षाचे विद्यार्थी क्षेत्रकार्यात आपापल्या गावाच्या वाटांची एक वही करतील. वाट कोणत्या महिन्यात असते, कोणत्या महिन्यात नसते. गावाला कोण कोणत्या नावाने ओळखतो. दोन सांगणाऱ्यांत फरक पडला तर दोन्ही पाठ, ते कोठून आले याच्या नोंदीसह. एका सहकाऱ्यांनी हरकत घेतली आहे, की हे काम भूगोलाचे आहे, मराठीचे नव्हे. त्यांना आम्ही स्थानपोथीची प्रत दिली आहे. ती त्यांनी अजून परत केलेली नाही.