खालांचं जेवण

मुंबई-लंडन प्रवास नऊ-दहा तासांचा. शेजारच्या सीटवरच्या खाला रुसून बसल्या होत्या. हलाल जेवण मिळालं नाही म्हणून. हवाईसेविका बिचारी तीनदा माफी मागून गेली. पण विमानात जेवण शिजत नाही, खालूनच चढतं. ‘मुस्लिम मील’ बहुतेक कंपन्यांना किमान २४ तास आधी कळवावं लागतं. तिकीट काढणाऱ्या लेकानं ते कळवलंच नव्हतं! मग रागवायचं कोणावर?

पाणी, ब्लँकेट जरूर मागा, संकोच नको. मात्र नियमानं ५० सीटांमागे किमान एक कर्मचारी असतो, तो मुळात आपल्या सुरक्षेसाठी. वाढणं नंतरचं.

माझ्या ट्रेमधला अर्धा घास खालांना दिला. थोड्या वेळानं ती मुलगी न मागता फळं घेऊन आली. खाला हसल्या, “जीती रह, बेटी.”