विश्लेषण : ‘चितपट’ ठरवायचे कसे? मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत फरक काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागातील लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे राक्षेचे म्हणणे होते. वादात त्याने पंचांना लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड कुस्ती अर्धवट सोडून बाहेर पडला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्याआधी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेखविरुद्ध गायकवाडच्या टांगेला चार गुण दिल्यावरून असेच रान पेटले होते. दोन्ही वेळा पंचांच्या हेतूवर बरेच बोलले गेले, नियमांवर फार कमी.

निकाली कुस्ती म्हणजे काय?

गावच्या जत्रेतील मैदानात गुणफलक नसतो. जोड लागते, इनाम पुकारला जातो आणि पाठीला माती लागली की कुस्ती संपते. अर्धा-पाऊण तास झुंज चालली तरी प्रेक्षक हलत नाहीत. निकाल लागलाच नाही तर बरोबरीत सोडवतात. हल्ली वेळ आवरण्यासाठी शेवटी गुणांवरही लावतात. ताक, तेल, हळद घालून मुरवलेल्या मातीत पाय रुततो, त्यामुळे वेगापेक्षा ताकद आणि दम यांना महत्त्व येते. घिस्सा, ढाक असे डाव रंगतात ते इथेच.

गादीवर काय बदलते?

तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. पट काढून प्रतिस्पर्ध्याच्या मागे जाऊन ताबा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले की एक. फेक थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ गादीकडे झुकलेल्या अवस्थेत, गेली तर चार. तशी गेली नाही तर दोनच. पुण्यातला वाद या दोन आणि चारमधल्या फरकाचा होता. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथेच थांबते.

चितपटीसाठी दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकलेले आणि प्रतिस्पर्धी पूर्ण ताब्यात असल्याचे पंचाला दिसेल इतका वेळ ती पकड टिकावी लागते. मैदानातल्या पंचाने एकट्याने ते ठरवायचे नसते, बाजूच्या पंचाची किंवा प्रमुखाची संमती लागते. खांदा ‘टेकला’ आणि ‘टेकून राहिला’ यांत क्षणाचेच अंतर असते, आणि प्रेक्षकांना दुरून तेवढे दिसत नाही.

ग्रीको-रोमन वेगळी कशी?

यात कमरेखाली पकड नाही आणि पायाचा वापरही नाही. म्हणजे पट आणि टांग दोन्ही बाद. आपल्या पैलवानांचे निम्मे हत्यार इथे म्यान होते. भारताची कुस्तीतली सर्व आठ ऑलिम्पिक पदके फ्रीस्टाइलची आहेत, यात नवल नाही.

केसरी यात कुठे बसते?

मधल्या जागी. माती आणि गादी विभागांचे विजेते किताबासाठी गादीवर लढतात. वजन मात्र ८६ ते १२५ किलो एकाच गटात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ८६, ९७ आणि १२५ हे तीन स्वतंत्र गट होते. केसरीसाठी वजन वाढवलेल्या मल्लाला आंतरराष्ट्रीय गटात पुन्हा बसवणे सोपे नसते.

तरीही पैलवान मातीकडे आणि केसरीकडे वळतो, त्याचे कारण साधे आहे. खुराकाचा खर्च जत्रेच्या इनामांतून निघतो. केसरीच्या विजेत्याला चारचाकी मिळते, गावात मिरवणूक निघते. पदकाचा रस्ता मात्र गादीवरून जातो आणि तिथे अनेक वर्षे हाताशी काही लागत नाही. खाशाबा जाधवही मातीतलेच. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. त्यानंतर राज्यातील एकाही मल्लाला ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही. बीडच्या राहुल आवारेने २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले, पण ते ६१ किलोत. हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही.