संत्री सौंसरलाच पडावीत

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खेळण्यातल्या आगगाडीवर लेख लिहावा काय, असे विचारणारे मित्र वर्गात आहेत. त्यांनी खुशाल पुढचे पान उलटावे.

माझा आजोळचा गाव सौंसर. तो मध्य प्रदेशात, पण छिंदवाड्याहून नागपूरला येणाऱ्या वाटेवर. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि सभोवती संत्र्यांच्या बागा. येथून २०१५ सालापर्यंत ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी धावत असे. आता तेथे ब्रॉडगेज आहे. त्या छोट्या गाडीची प्रतिकृती माझ्या मामेभावाने केली आहे, नागपूरच्या मोतीबाग संग्रहालयातील डबे पाहून. तिच्यातला एक डबा करामती. सौंसर स्टेशनाशी आला की त्याचे दार उघडते आणि लाकडी मण्यांची संत्री फलाटावर पडतात.

पडतात म्हणजे, पडायला हवीत. रुळांच्या मधोमध पत्र्याचा एक उंचवटा आहे. त्याने डब्याखालची दांडी उचलली जाते व दाराची खिट्टी सुटते. पण डबा हलका आणि उंचवटा उभा! दांडी अडे आणि संत्र्यांऐवजी डबाच खाली येई. भाऊ म्हणाला, "दांडी कापूनच टाकू ना दादा. आत मोटर अन् बॅटरी बसवतो, रिमोटनं दार उघडू." मित्रमंडळींनी ठराव मंजूर केला. विरोधात मी एकटा.

माझे म्हणणे असे की, दोष उंचवट्याचा, मग शिक्षा डब्याला का? पत्रा चार बोटे लांब घेतला, दोन्ही टोकांना सारखा उतार दिला, म्हणजे गाडी मागे आली तरी अडू नये. कडा पॉलिश पेपरने घासल्या. मग उंची पत्त्याच्या जाडीएवढी कमी करीत आणि दर वेळी गाडी फिरवून पाहत अख्खी संध्याकाळ गेली. दहा फेऱ्यांत नऊदा दार उघडले. दहाव्या वेळी उघडले नाही, आणि भाऊ नेमका त्याच वेळी हसला.

प्रदर्शनात दहावी फेरी फसली तर फजिती होते, हे मला मान्य आहे. मग रुळाखाली चुंबक ठेवा आणि डब्यात रीड स्विच. काचेच्या नळीतल्या दोन लोखंडी पट्ट्या चुंबकाजवळ येताच एकमेकींना चिकटतात आणि मोटर फिरते. याला माझी हरकत नाही, कारण दार कोठे उघडायचे हे तेथेही जागाच ठरवते. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९४७ साली दुधाचा डबा काढला. त्यातला गवळी दाराशी येऊन दुधाचे कॅन फलाटावर टाकी. त्याला बटण होते, पण डबा एका खास रुळाच्या तुकड्यावर उभा असल्याशिवाय गवळी बाहेर येत नसे.

रिमोटची गोष्ट वेगळी. भावाने तो दुसऱ्या एका डब्यात बसवून पाहिला, आणि त्याच्या धाकट्या बहिणीने पाच मिनिटांत संत्री पुलावर, बोगद्यात आणि लोधीखेड्याच्या अलीकडे शेतात पाडून दाखवली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र सौंसरचे स्टेशन तेथे उगाच बांधल्यासारखे वाटू लागले. ज्या गावाची गाडी गेली, त्या गावच्या प्रतिकृतीत तरी गाडीला त्या स्टेशनाशी काही काम असावे की नाही?

मामीने मत दिले नाही. मणी वेचून दिले. दुसऱ्या डब्यात रिमोट राहिला आहे. पहिल्याची दांडी अद्याप शाबूत आहे, आणि दहाव्या फेरीचा प्रश्नही.