पावसाळा आणि बाणाचीं पिसें

गेल्या वर्षींच्या श्रावणांतली एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुढें नेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. शाळेच्या मैदानावर आमचे कांहीं विद्यार्थी दर शनिवारीं साध्या लांकडी धनुष्यानें तिरंदाजीचा सराव करीत असतात. त्या दिवशीं सकाळपासून पावसाची भुरभुर चालू होती. इयत्ता आठवींतल्या एका मुलाचे, ज्याचा नेम एरव्हीं वाखाणण्यासारखा असतो, तीन बाण लागोपाठ भलतीकडे गेले. तिसरा तर लक्ष्यामागील मातीच्या बांधावरून पलीकडे पडला. "लक्ष कोठें आहे तुझें?" असें म्हणून आम्हीं त्यास सर्वांदेखत खडसाविलें व धनुष्य खालीं ठेवावयास लाविलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. पुढें बाण शोधून आणल्यावर आम्हीं सहज त्यांच्या शेपटांकडे पाहिलें, तों सगळीं पिसें भिजून कांडीस चिकटलेलीं! बाण रात्रभर व्हरांड्याच्या कडेला उघडेच राहिले होते, आणि ते तेथें ठेवणारे आम्हीच होतों. सोमवारीं वर्गांत आम्हीं आपली चूक बोलून दाखविली. परंतु त्यानंतर दोन शनिवार तो मुलगा मैदानावर फिरकला नाहीं.

बांधापलीकडे गेलेल्या त्या बाणाची वार्ता घरोघर पोहोंचली, आणि पालकवर्गाकडून दोन सूचना आल्या. एक अशी कीं, पावसाळ्याचे चार महिने हा खेळ बंदच ठेवावा. दुसरी अशी कीं, पिसें काढून टाकून बाणांस प्लॅस्टिकचीं पातीं लावावीं. दोन्ही सूचना मुलांच्या काळजीपोटीं केलेल्या आहेत, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. तथापि दोन्ही आम्हांस पटत नाहींत, आणि कां पटत नाहींत हें या पानांतून मोकळेपणीं सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

प्रथम पिसाचें काम काय तें पाहूं. धनुष्य सुटतांच बाणाची कांडी किंचित् वांकते व शेपूट डोलूं लागतें. मागें लाविलेलीं पिसें हवेस अडथळा करून तें शेपूट मागें खेंचून धरतात, आणि बाण सरळ होतो. आतां पीस भिंगाखालीं धरून पाहिल्यास असें दिसतें कीं, मधल्या दांड्यापासून निघालेल्या बारीक तंतूंना त्यांहूनही बारीक फांटे असतात, व त्या फांट्यांना सूक्ष्म आंकडे असून ते शेजारच्या तंतूस अडकलेले असतात. या गुंफणीमुळेंच इतकें हलकें पीस इतकें ताठ राहूं शकतें. पाणी मुरलें म्हणजे ही गुंफण सैल पडते, तंतूंचे झुबके होतात, पीस कांडीवर आडवें होतें आणि शेपूट जडही होतें. मग नेम धरणारा कितीही कुशल असो, त्याचें कांहीं चालत नाहीं.

पक्षी तर पावसांत भिजतात, मग त्यांचीं पिसें कशीं टिकतात, असें कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील. पुष्कळ पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशीं तेलाची एक ग्रंथि असते. पक्षी चोंचीनें तें तेल घेऊन पिसांना चोळतो, व सुटलेले आंकडे चोंचीनें विंचरून पुन्हां जुळवितो. हा उद्योग त्याचा रोज चालतो. पीस बाणावर चढलें कीं ही सेवा संपते. त्यापुढें त्याची काळजी घेणारा पक्षी नसतो, असलाच तर तिरंदाज असतो.

प्लॅस्टिकचें पातें पावसानें बिघडत नाहीं, हें आम्ही मान्य करतों; आधुनिक यांत्रिक धनुष्यांवर तें उत्तम चालतें. परंतु आमच्या धनुष्यावर बाण टेकवावयास वेगळें साधन नाहीं. बाण मुठीवरून, धनुष्याच्या लांकडास घांसून सुटतो. पीस तेथें दबून निसटतें व पुढें जातांच पुन्हां उभें राहतें. ताठ पातें दबत नाहीं. तें लांकडावर आपटून बाणाचें शेपूट बाजूस फेंकतें. म्हणजे पावसाळ्यांतील चार महिन्यांचा दोष टाळण्यासाठीं आम्हीं बारा महिन्यांचा दोष पदरीं घ्यावयाचा!

खेळ बंद ठेवण्याविषयीं बोलावयाचें, तर ज्या देशांत ही विद्या एके काळीं राज्याचा आधार होती, तो इंग्लंड देश कांहीं कोरड्या हवेचा नव्हे. तेथें बाणांस पाळीव हंसाचीं पिसें लावीत. पांचव्या हेन्री राजानें १४१७ सालीं प्रत्येक हंसाचीं पंखांतलीं सहा पिसें जमा करण्याचा हुकूम सोडला होता, एवढी त्यांची निकड असे. पुढें १५४५ सालीं केंब्रिजचे विद्वान रॉजर अ‍ॅस्कम यांनीं 'टॉक्सोफिलस' हा तिरंदाजीवरील ग्रंथ लिहून आठव्या हेन्रीस अर्पण केला. हे गृहस्थ पुढें राजकन्या एलिझाबेथचे शिक्षक झाले. धनुष्याच्या नादानें अभ्यास बुडतो, असा आक्षेप त्यांच्याही काळीं होता, आणि त्यांनीं तो संवादरूपानें खोडून काढला आहे. (आमच्या कांहीं पालकांना हें वाचून हंसूं येईल; येऊं द्यावें.) बाणाच्या सर्व अंगांत पिसाकडे त्यांनीं विशेष बारकाईनें पाहिलें, व हंसाच्या पिसाइतकें गुणी दुसरें पीस नाहीं असा निर्वाळा दिला.

त्याच १५४५ सालीं हेन्रीचें 'मेरी रोझ' हें लढाऊ जहाज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडालें. १९८२ सालीं त्याचा सांगाडा वर काढण्यांत आला. त्यावर हजारों बाण सांपडले. पिसें बहुतेक नाहींशीं झालीं होतीं. परंतु चोवीस छिद्रें पाडलेल्या चामड्याच्या चकत्या मिळाल्या. एकेका छिद्रांत एकेक बाण बसवावयाचा, म्हणजे जुडींतले बाण परस्परांपासून दूर राहून पिसें चुरगळत नसत. तिकडे जपानांतही 'उत्सुबो' नांवाचा बंद भाता असे. त्यांत बाण पूर्ण झांकले जाऊन पावसापासून सुरक्षित राहत. पाऊस आला म्हणून या लोकांनीं धनुष्य टाकलें नाहीं; त्यांनीं पिसांस आडोसा दिला.

आमचें मत याच दिशेचें आहे. परदेशांत वाळूच्या जातीची एक अतिसूक्ष्म पांढरी भुकटी मिळते. पिशवींत ती घालून पिसें त्यांत हलविलीं कीं पाणी मोत्यासारखें निथळून जातें. ती आम्हीं वापरून पाहिली व गुण आला. पण ती नाकांत जातां कामा नये, म्हणून तें काम मोठ्या माणसानें तोंडास रुमाल बांधून करावें. मेण किंवा चरबी चोळणारेही आहेत. हात जरा सढळ पडला कीं पीस चिकट व जड होतें, आणि आमच्या मुलांचे हात सढळच असतात! म्हणून आमचा भर आडोशावर आहे. भात्यांतून पिसें वर येतात. त्यांवर छत्रीच्या जुन्या कापडाची टोपी घालावी. हातांत बाण असल्यास पिसें काखेखालीं धरावीं. बाण ओल्या गवतांत शिरला असल्यास मागें ओढूं नये, टोंकाकडून पुढें काढावा; नाहीं तर पिसें सोलून निघतात.

इतकें करूनही पीस भिजलेंच, तर बाण दोन्ही तळहातांत धरून गरगर फिरवावा, म्हणजे पाणी उडून जातें. मग पिसें वर ठेवून सावलींत वाळूं द्यावा. वाळल्यावरही पीस वांकडें राहिलें, तर किटलीच्या वाफेवर कांहीं क्षण धरावें. तें आपोआप उभें राहतें. येथें घाई करणाऱ्याचा डिंक सुटतो, हा अनुभव आम्हीं दोन बाण गमावून घेतला आहे. आणि वाफेचें काम विद्यार्थ्यांनीं शिक्षकांसमक्षच करावें.

एका गोष्टींत मात्र पालकांचें म्हणणें आम्हीं शिरसावंद्य मानलें आहे. आडव्या पडलेल्या पिसांचा बाण कोणीही सोडावयाचा नाहीं, आणि सर्वांचीं पिसें भिजलीं तर त्या दिवशींचा सराव तेथेंच थांबवावयाचा. सोडण्यापूर्वीं प्रत्येक बाणाचीं पिसें तपासण्याचें काम एका विद्यार्थ्याकडे दिलें आहे. हें काम आम्हीं त्याच मुलाकडे सोंपविलें. तिसऱ्या शनिवारीं तो आला तो हेंच काम करावयास आला, आणि अजून निमूटपणें करीत आहे. गेल्या आश्विनांत एके दिवशीं अवचित सर आली. आम्ही बाण लावून उभे असतां त्यानें जवळ येऊन पिसांवरून बोट फिरविलें, आणि "सर, हा नको," एवढेंच म्हणून तो आमच्या हातून काढून घेतला.